घरगुती व्यवसायाची ऑनलाइन जाहिरात : फॉलोअर वाढवण्याआधी काय करावं?

पाटा_वरवंटा

नमस्कार मंडळी. मागे फराळाच्या धाग्यावर आमच्या भाजणीचा विषय निघाला होता, तेव्हापासून विचारपूस चालू आहे. बहुतेकींचा प्रश्न एकच, "इन्स्टावर फॉलोअर कसे वाढवायचे?" प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. अनुभवी मंडळींनी भर घालावी, पटलं नाही तर तसंही सांगावं.

मी आणि माझ्या जाऊबाई डोंबिवलीत थालीपीठ भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकतो. माल त्या बघतात, फोन आणि हिशेब माझ्याकडे. छोट्या धंद्याला हजारो फॉलोअर लागत नाहीत असं माझं ठाम मत आहे. एकदा माल नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा मागवताना कुठे अडता कामा नये, आणि दोन-चार किलोमीटरवरच्या माणसाने शोधलं तर आपण सापडलो पाहिजे. एवढं नीट बसलं की मग रील करा, जाहिरात करा, काय हवं ते करा.

आधी व्हॉट्सअ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप २०१८ पासून आहे, फुकट आहे, तरी कितीतरी जणी अजून साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेतात आणि भिशीच्या गप्पांत ऑर्डर हरवते. शक्य असेल तर धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. जुनाच ठेवायचा असेल तर चॅटसकट तो बिझनेस अ‍ॅपवर नेता येतो. त्यात कॅटलॉगची, म्हणजे फोटो-किमतीसकट मालाची यादी लावायची सोय आहे. लोकांचे कॅटलॉग बघते तेव्हा बहुतेक ठिकाणी एक फोटो आणि खाली "किमतीसाठी मेसेज करा" एवढंच असतं. असं करू नका. किंमत विचारायला संकोचणारी माणसं पुष्कळ असतात, ती न विचारताच पुढे जातात. आमच्या कॅटलॉगमधला मजकूर जसाच्या तसा देते :

"थालीपीठ भाजणी, अर्धा किलो, १८० रुपये. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजलेलं. मीठ-तिखट घातलेलं नाही, लहान मुलांना चालेल. कोरड्या हवाबंद डब्यात दोन महिने टिकते. दळण बुधवारी, पोच गुरुवारी-शुक्रवारी. डोंबिवली पूर्व-पश्चिम घरपोच. बाहेरगावी कुरिअरने, खर्च वेगळा."

हा मजकूर बसल्या बसल्या सुचलेला नाही. जाऊबाईंनी जुनी चॅट उघडून लोक काय काय विचारतात ते वहीत उतरवलं आणि त्या प्रश्नांची उत्तरं एकाखाली एक मांडली. "मुलांना तिखट लागेल का" हे सगळ्यात जास्त वेळा विचारलेलं होतं, आणि ते आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तुम्हीही तुमची चॅट चाळा. दुसऱ्याचा मजकूर उचललात तर दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाची उत्तरं तुमच्याकडे येतील.

नेहमीची उत्तरं "क्विक रिप्लाय"मध्ये साठवा. तिरकी रेघ आणि एक शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर तयार येतं. लेबलंही वापरा. आमची "ऑर्डर आली", "पैसे यायचेत", "पोचलं" अशी आहेत. त्याशिवाय प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एवढं एक विचारते आणि त्याचंही लेबल लावते. पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवायला मला याहून मोठी मदत दुसऱ्या कशाची झाली नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी. तिच्याबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचे नंबर हवेत. म्हणून पहिल्या पाकिटाबरोबर आमची चिठ्ठी जाते : नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचा क्यूआर, आणि "दळणाची तारीख कळावी म्हणून हा नंबर सेव्ह करा." मेसेज आठवड्यातून एकदाच, दळणाच्या आदल्या दिवशी. शुभ सकाळ, सणाची चित्रं, सुविचार या नंबरवरून कधीच जात नाहीत. आणि कृपा करून न विचारता कुणाला ग्रुपमध्ये घालू नका. एकदम हजारोंना मेसेज पाठवणारी बाहेरची सॉफ्टवेअरं विकायला येतात, त्यांच्याही नादी लागू नका. नंबरच बंद होतो, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षं जोडलेली माणसं जातात.

आता गूगल. "गूगल माय बिझनेस"चं नाव २०२१ मध्ये "गूगल बिझनेस प्रोफाइल" झालं. गूगलच्या शोधात आणि नकाशावर आपल्या धंद्याची जी नोंद दिसते, ती ही. हेही फुकट. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून नुसता सेवेचा परिसर दाखवता येतो, बायकांनी हा पर्याय जरूर वापरावा. मात्र गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ पडणारा धंदा हवा, म्हणजे ते न्यायला येतं किंवा तुम्ही पोचवता. नुसतं ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी ही सोय नाही. पडताळणीला हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. बाहेरचा रस्ता, कामाची जागा, सामान आणि धंदा तुमचाच असल्याची खूण असं एका सलग चित्रीकरणात दाखवायचं असतं. नावात "डोंबिवलीतील सर्वोत्कृष्ट भाजणी" असलं काही कोंबू नका, प्रोफाइल निलंबित होतं. जे नाव पाकिटावर तेच तिथे. मुख्य वर्गवारी मात्र विचार करून निवडा. कुठल्या शोधात तुम्ही वर याल हे तिच्यावर बरंच अवलंबून असतं. वर्णनात पदार्थांची नावं मराठीत लिहा आणि रोमन लिपीतही लिहा. आपलीच मुलं "थालीपीठ" रोमन अक्षरांत शोधतात.

फोटोंबद्दल थोडं. भाजणी म्हणजे तपकिरी पीठ. पिशवीचा फोटो टाकून कुणाला भूक लागत नाही. आम्ही तव्यावरच्या थालीपिठाचा फोटो टाकतो, बोटांनी पाडलेली भोकं, त्यात तेल, कडा खरपूस, शेजारी लोण्याचा गोळा. सकाळी खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून, फ्लॅश न वापरता. स्टीलच्या ताटात प्रकाश चमकतो आणि फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून साधी पितळी किंवा मातीची ताटली घ्या, नाहीतर केळीचं पान. दुसरा फोटो पाकिटाचा, वजन आणि तारीख वाचता येईल असा.

सध्या इतकंच. पुढचं प्रतिसादांत.

ओव्हनवाली

ताई, धागा उत्तम आहे, पण रीलबद्दल असहमत. मी नागपूरला केक करते आणि माझ्या निम्म्याहून अधिक ऑर्डरी रील बघूनच येतात. भारतात टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये बंद झालं आणि जुलैत इन्स्टाने रील आणले, तेव्हापासून करतेय. केकवर क्रीमचा पहिला हात फिरतानाचं चित्रण लोक शेवटपर्यंत बघतात. रील नसते तर माझं काम सोसायटीबाहेर गेलंच नसतं.

पाटा_वरवंटा

ओव्हनवाली, तुमचं म्हणणं केकच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. केक डोळ्यांनी विकत घेतला जातो आणि प्रत्येक केक वेगळा, म्हणून दाखवायला रोज नवीन काहीतरी असतं. भाजणी दर बुधवारी तीच. एक विचारते, रील बघून आलेलं गिऱ्हाईक नागपूरचंच असतं ना? आणि ते पुढच्या वाढदिवसाला परत येतं का?

ओव्हनवाली

नागपूरचंच, कारण मी प्रत्येक रीलच्या पहिल्याच ओळीत "नागपूर" लिहिते, ठिकाणाचा टॅग लावते आणि धरमपेठ, मनीष नगर अशी पोच कुठे कुठे ते सांगते. आधी नुसतं सुंदर रील टाकायचे, तेव्हा पुण्याहून-इंदूरहून "किती सुंदर!" यायचं, ऑर्डर शून्य. परत येण्याचं म्हणाल तर ते रीलमुळे होत नाही, तिथे तुमचंच खरं. मी वाढदिवसांच्या तारखा वहीत ठेवते आणि आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅप करते.

रील करणाऱ्यांना थोडक्यात : पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात चालताना दिसला पाहिजे, "नमस्कार, मी अमुक" नको. पडद्यावर मराठी अक्षरं टाका, बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. लाइकपेक्षा सेव्ह आणि शेअरचे आकडे बघा. गाण्यांचं मात्र सांभाळा. बिझनेस खात्याला सिनेमाची बरीच गाणी मिळत नाहीत, आणि वैयक्तिक खात्यावरून लावलेलं गाणं धंद्याच्या जाहिरातीत वापरायचा परवाना आपल्याकडे नसतो. मी ओव्हनचा, बीटरचा खरा आवाज ठेवते.

पाटा_वरवंटा

खऱ्या आवाजाला माझं अनुमोदन. आमच्याकडचं सगळ्यात जास्त शेअर झालेलं रील म्हणजे जाऊबाई धने भाजताहेत, बस. लोखंडी कढई, उलथन्याचा खर्र खर्र आवाज, धने तडतडायला लागले की त्या आच कमी करतात आणि म्हणतात, "आता काढायचे, नाहीतर कडू होतात." एवढंच. त्या एका वाक्याखाली लोकांनी आपापल्या आजीच्या भाजणीचं प्रमाण लिहिलं.

सुईदोरा

कोल्हापूरहून. माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. फोटो काय टाकू हाच प्रश्न पडतो. गिऱ्हाइकांचे फोटो टाकायला संकोच वाटतो, आणि नेटवरचे डिझाइनचे फोटो टाकले तर लोक म्हणतात "हे तुम्ही शिवलंय का?"

पाटा_वरवंटा

सुईदोरा ताई, नेटवरचे फोटो आजच काढून टाका. गिऱ्हाइकाचा चेहरा लागतच नाही. लाकडी पुतळ्यावर किंवा हँगरवर ब्लाऊज घालून मागचा गळा, बाहीची पायपिंग, आतली शिलाई असे जवळून फोटो घ्या. आतली शिलाई दाखवणारं दुकान मी तरी पाहिलेलं नाही, आणि बायका ती आधी उलटून बघतात. माणसाचा फोटो टाकायचा तर विचारून, आणि ती परवानगी चॅटमध्ये लेखी राहू द्या.

अजून एक. तुमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला खरी धास्ती तारखेची असते. "लग्नसराईच्या ऑर्डरी अमुक तारखेपर्यंत घेऊ, त्यानंतर नाही" हे तुळशीच्या लग्नाच्या आधीच स्टेटसला आणि गूगलच्या पोस्टमध्ये टाका. कॅटलॉगमध्ये साधा ब्लाऊज, अस्तराचा, डिझाइनचा असे दर आणि "किती दिवसांत" हे लिहा.

रातांबा

रत्नागिरी. आमची हापूसची बाग आहे, सोबत कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), आंबापोळी. आमची अडचण वेगळी आहे, "रत्नागिरी हापूस" म्हणून परराज्यातला आंबा सर्रास विकला जातो आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आम्ही सांगतो, पण प्रमाणपत्राच्या फोटोने लोकांचा विश्वास बसतो असं मला दिसलं नाही.

जे उपयोगी पडलं ते लिहितो. मोहोर आल्यापासून, म्हणजे डिसेंबर-जानेवारीपासूनच स्टेटस टाकायला लागतो. मोहोर, मग कणी (नुकतं धरलेलं बारीक फळ), मग सुपारीएवढी कैरी. फवारणी कधी केली, तुडतुडा (मोहोरावरची कीड) कुठे दिसला, अवकाळी पावसात कुठल्या कलमांची फळगळ झाली, सगळं. मार्च येईस्तोवर मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाने ती बाग बघितलेली असते. उत्पादन कमी असेल तर तेही आधीच सांगतो : "यंदा पाडव्याला आंबा नाही, अक्षय्य तृतीयेच्या आसपास सुरू होईल." लोक थांबतात. पेटीत चिठ्ठी असते, कुठल्या दिवशी काढला, आढीत (पिकवायला रचलेल्या गवतात) किती दिवस ठेवायचा, खायला कधी तयार. कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, आपण गवतात पिकवतो हे त्याला दिसलं पाहिजे. म्हणून आढी उघडतानाचा व्हिडिओ दर आठवड्याला.

नवशिकी

रातांबा, पण वर्षाचे उरलेले आठ महिने काय टाकता? माझा प्रश्नही तोच आहे, मी फक्त दिवाळीचा फराळ करते.

रातांबा

मे संपला की कोकम. रातांबे (कोकमाची फळं) फोडणं, साली वाळवणं, आगळात बुडवून पुन्हा वाळवणं, हे बघायला लोकांना आवडतं. पावसाळ्यात बागेची छाटणी, खत. पण दररोज नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात आठवड्याला एखादा फोटो, तेवढा पुरतो. नंबर मोबाईलमधून पुसला जाऊ नये एवढंच बघायचं.

गुहागरचा_वारा

आमचं होमस्टे आहे. आमच्या धंद्यात गूगलवरचे अभिप्राय हेच सगळं. त्याबद्दल ताईंनी कमी लिहिलंय म्हणून भर घालतो.

अभिप्राय मागायची योग्य वेळ म्हणजे पाहुणा घरी पोचल्यावरचा दुसरा दिवस. निघताना गाडीत सामान भरायची गडबड असते. मी "सुखरूप पोचलात ना?" असा मेसेज करतो आणि अभिप्रायाची लिंक देतो, जी प्रोफाइलमध्येच मिळते. "पाच तारे द्या" म्हणत नाही. "काय आवडलं, काय खटकलं ते लिहा" म्हणतो. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणं गूगलच्या नियमात बसत नाही, देऊ नका.

वाईट अभिप्रायाला उत्तर लिहिताना समोरच्याशी भांडू नका. ते उत्तर पुढचा पाहुणा वाचणार असतो. एका कुटुंबाने दोन तारे दिले होते, सकाळी गरम पाणी मिळालं नाही म्हणून. आमचं उत्तर : "नमस्कार. त्या सकाळी गावातली वीज गेली होती आणि मुलांना थंड पाण्याने अंघोळ करावी लागली, तुमची नाराजी रास्त आहे. आता मागच्या पडवीत बंब ठेवला आहे, वीज नसली तरी गरम पाणी मिळतं." त्यानंतर फोनवर दोन-तीन पाहुण्यांनी आपण होऊन विचारलं, "तुमच्याकडे बंब आहे ना?"

आणि एक गंभीर बाब. गूगल मॅपवर कुणीही बदल सुचवू शकतं. आमच्या भागातल्या काही जागांचे फोन नंबर असे बदलले गेले आणि पर्यटकांनी भलत्याच माणसाला आगाऊ पैसे पाठवले. आपलं प्रोफाइल दर आठवड्याला उघडून नंबर, पत्ता, वेळा तपासा. आपलेच फोटो वापरून दुसऱ्याने पेज काढलंय का, हेही अधूनमधून शोधत जा.

पाना_पक्कड

नाशिक, दुचाकी दुरुस्ती. गुहागरकरांचा मुद्दा अतिशय महत्त्वाचा. त्याच्या जोडीने खात्याच्या मालकीचं लिहितो. आमच्याकडे एका मार्केटिंगवाल्याने पेज काढून दिलं, गूगलचं खातंही त्याच्याच जीमेलवर. पुढे त्याचं काम थांबवलं तर पासवर्ड द्यायला तयार नाही. तर मंडळी, जीमेल तुमचं, नंबर तुमचा, पेजचे मुख्य अ‍ॅडमिन तुम्ही. काम करणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या, गूगल आणि फेसबुक दोन्हीकडे ती सोय आहे. भाच्याने काढून दिलेलं पेज असेल तरी हेच करा.

व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे सहा आकडी पिन, आजच लावा. "तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत बंद होईल" असा मेसेज आणि खाली लिंक आली तर लिंक उघडू नका, ती खातं चोरायचीच तऱ्हा आहे.

आणि "मी लष्करात आहे, वीस गाड्यांची सर्व्हिसिंग करायची आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" हा फोन फराळवाल्यांनाही येतो, केकवाल्यांनाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपले गेले. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी. स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, आपल्या खात्यात जमा झाल्याचं बघा.

नवशिकी

बापरे, तो लष्करवाला फोन मला मागच्या दिवाळीत आला होता! चकल्या चाळीस किलो हव्यात म्हणाला. मी दचकून फोन ठेवला.

पैसे देऊन जाहिरात करावी का? आमच्या शहरातलं एक मोठं फूड पेज एका रीलचे काही हजार मागतंय.

ओव्हनवाली

मी असं एकदा करून बघितलं. बघणारे भरपूर, ऑर्डर नगण्य. पैसे देण्याआधी त्यांना त्यांच्या इनसाइट्सचा स्क्रीनशॉट मागा, कुठल्या शहरातले लोक बघतात तो. तुमच्या शहराचा वाटा किरकोळ असेल तर सोडून द्या. आणि पैसे घेऊन केलेली शिफारस आहे हे रीलमध्ये स्पष्ट लिहायला सांगा. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत आणि ग्राहक व्यवहार खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या आहेत.

पाटा_वरवंटा

त्यापेक्षा तेच पैसे थोडे थोडे स्वतःच्या जाहिरातीत घाला. फेसबुक-इन्स्टाची अशी जाहिरात निवडा की बटण दाबलं की थेट तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडेल. परिसर "महाराष्ट्र" ठेवू नका, नकाशावर टाचणी रोवून आपण जितक्या लांब पोचवतो तेवढेच किलोमीटर ठेवा. दिवसाला शंभर-दीडशे रुपये, चार-पाच दिवस. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो, तो धरा. नवीन चित्र बनवत बसू नका, ज्या पोस्टला आपसूक जास्त शेअर मिळाले तीच पुढे करा. मग लेबलं बघा, त्यातून आलेल्या किती जणांनी खरंच मागवलं. उत्तर द्यायला फुरसत नसेल त्या आठवड्यात जाहिरात चालू करूच नका. दोन तासांनी उत्तर मिळालं तर माणूस तोवर दुसरीकडून घेऊन मोकळा होतो.

जमाखर्च

माझं काम हिशेबाचं, तेवढ्यापुरतं लिहितो. जाहिरात जोरात आणि कागद कच्चे अशी परिस्थिती बरेचदा दिसते. खाद्यपदार्थ विकता तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, घरून करत असलात तरी. चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापा आणि कॅटलॉगमध्येही लिहा, त्याने विश्वासही वाढतो. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, तारीख, घटक, तुमचं नाव-पत्ता हवं.

दुसरं, करपात्र माल राज्याबाहेर पाठवणार असाल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यांतर्गत विक्री नोंदणीशिवाय करता येते, पण त्यासाठीही पोर्टलवर नावनोंदणी करावी लागते. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

तिसरं, "मधुमेहावर रामबाण", "गुडघेदुखी बरी करणारे लाडू" असलं पोस्टवर लिहू नका. अन्नाच्या जाहिरातींतल्या दाव्यांसाठी २०१८ चे नियम आहेत आणि रोग बरा करण्याच्या दाव्यांना तर १९५४ पासूनचा कायदा आहे. मेथीचे लाडू मेथीचे लाडू म्हणूनच उत्तम विकले जातात.

एडिसनची_माई

न्यू जर्सीहून, गिऱ्हाईक म्हणून लिहितेय. दरवर्षी कुणाकडून तरी फराळ मागवते. मी पहिल्यांदा काय बघते सांगू? परदेशी पाठवायची शेवटची तारीख, एका खोक्याचं वजन आणि सगळा खर्च धरून एकूण किंमत. या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत तर मी पुढे विचारत नाही. खोक्यातल्या पदार्थांची यादी इंग्रजीतही हवी, कस्टमला लागते. आमची सकाळ ती तुमची संध्याकाळ, त्यामुळे रात्री उशिरा मेसेज आला तर "उद्या सकाळी उत्तर देते" एवढा आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा. तो आला तरी मी थांबते. आणि अनारसा प्रवासात मोडतो का, हे मला खरं खरं सांगणाऱ्या बाईकडूनच मी गेली काही वर्षं मागवते.

नवशिकी

माई, तीन गोष्टी लिहून घेतल्या. पाटा_वरवंटा ताई, दिवाळीला अजून अवकाश आहे. मी आत्ता नेमकं काय करू? रोज फक्त अर्धा तास मिळतो.

पाटा_वरवंटा

या आठवड्यात बिझनेस अ‍ॅप आणि गूगल प्रोफाइल. गूगलच्या पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून ते आधी. मग मागच्या दोन दिवाळ्यांच्या चॅट काढून प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव नीट सेव्ह कर आणि लेबल लाव, त्यातच तुझे बरेच दिवस जातील. जाऊ देत, यादी हेच तुझं भांडवल आहे. श्रावणात एखाद्या रविवारी थोड्याच चकल्या कर, खिडकीत बसून फोटो काढून ठेव, ऐन दिवाळीत फोटोला वेळ मिळत नाही. नवरात्र लागलं की जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळव, दर आणि शेवटची तारीख घालून. त्यांना दोन दिवस देऊन मग स्टेटसवर सगळ्यांसाठी. किती किलो झेपेल तो आकडा आधीच ठरव आणि तो भरला की "ऑर्डरी बंद" असं ठळक लिहून टाक. उशिरा पोचलेल्या फराळाचा अभिप्राय वर्षभर गूगलवर दिसत राहतो. जाहिरातीला पैसे या वर्षी घालू नकोस.

सुईदोरा

ताई, आतल्या शिलाईचा फोटो आज टाकला. एकीने लगेच विचारलं, "जुन्या ब्लाऊजची उसवलेली शिलाई अशी करून द्याल का?" हे काम मी करतेच, पण कुठे लिहिलेलंच नव्हतं.

पाटा_वरवंटा

मग कॅटलॉगमध्ये "जुने ब्लाऊज दुरुस्ती, सैल-घट्ट करणे" अशी वेगळी नोंद करा, दरासकट. गूगल प्रोफाइलमध्ये सेवांची यादी असते, तिथेही घाला. आणि तो फोटो इथे पण डकवा, बघायचाय.